कन्हानच्या झिंगीचं माहेर

लग्नकार्यात नवी माणसं भेटली की विचारतात, "तुम्ही नोकरीत काय करत होत्या?" मी सांगते, समुद्र बनवत होते. माणसं आधी हसतात, मग हळूच माझ्या भाचीकडे बघतात, म्हातारीचं सगळं ठीक आहे ना अशा नजरेनं. भाचीही वस्ताद. ती म्हणते, "खरंच बनवत होती. चवीला आमच्या घरच्या वरणापेक्षा बरा होता म्हणे."

तर ऐका. सत्तरच्या दशकात सक्करदऱ्याच्या पलीकडे, जिथे तेव्हा घरं संपून शेतं लागायची, तिथे एक लहानसं मत्स्यबीज केंद्र होतं. मी तिथे प्रयोगशाळा सहायक. केंद्राचं रोजचं काम म्हणजे रोहू-कतल्याची पिल्लं तयार करायची आणि गावोगावच्या तलाव सोसायट्यांना द्यायची. त्या कामात काही गूढ नव्हतं, माशी मारायलाही फुरसत नसायची एवढंच. पण मागच्या शेडमध्ये सिमेंटच्या टाक्या होत्या आणि त्यांत आम्ही समुद्र बनवायचो. कशासाठी, तर कन्हान नदीतल्या झिंगीच्या बाळंतपणासाठी.

झिंगा म्हणजे कोकणातली कोलंबी म्हणा, फक्त ही नदीत राहते. पावसाळ्यात मादी अंड्यावर येते. अंडी ती टाकून देत नाही. पोटाखाली, पायांच्या मध्ये चिकटवून घेते आणि पाय हलवून त्यांना सारखा वारा घालत राहते. मग पूर आला की खाली निघते. कन्हानमधून वैनगंगेत, वैनगंगेतून प्राणहितेत, तिथून गोदावरीत, आणि गोदावरी समुद्राला मिळते तिथल्या मचूळ पाण्याकडे. सगळ्या तिथवर पोचत असतील असं नाही. काही वाटेतच पिल्लं सोडतात आणि पुढचं काम पूर करतो. पण पिल्लांना ते खारं-गोडं मिसळलेलं पाणी हवंच असतं. निव्वळ गोड्या पाण्यात ती थोडे दिवस तग धरतात आणि मरतात. मचूळ पाण्यात राहिली, अंगावरची साल पुन्हा पुन्हा टाकून मोठी झाली, की एक दिवस ती तोंड फिरवतात आणि आईची नदी चढायला लागतात. काठाकाठानं, ओल्या दगडांवरून, पाण्याच्या उलट. नखाएवढा जीव आणि वाट अर्ध्या मुलखाची.

हे मला पुस्तकानं शिकवलं नाही, साहेबांनी शिकवलं. आमचे साहेब मालवणकडचे. नागपूरला बदली झाली आणि उतरल्या दिवशीच उन्हाची लू लागून आडवे झाले, त्यामुळे या शहरावर त्यांचा राग होता. दुपारी चहा पिताना ते मला समुद्रातल्या कोलंबीचं सांगायचे. "आमची कोलंबी नेमकी उलट, गजभिये. ती अंडी घालते खोल समुद्रात. पिल्लं भरतीबरोबर खाडीत येतात, चिखलात, तिवरांच्या मुळांत वाढतात, आणि अंगानं भरली की ओहोटीबरोबर परत समुद्रात. आमच्याकडे बायका पाण्याचा वास घेऊन सांगत, आज कोलंबी बाहेर पडणार." बोलता बोलता त्यांचा आवाज खाली जायचा. बाहेर ऊन असं की गुरंसुद्धा सावलीत, आणि मला मात्र भरतीचं पाणी शेडमध्ये शिरल्यासारखं वाटायचं. तोवर मी समुद्र पाहिलेला नव्हता. डोळे मिटून कन्हानपासून चालायला लागायची, प्राणहितेपर्यंत कशीबशी जायची, त्यापुढे मला काही दिसायचं नाही.

कन्हानमधली झिंगी कमी होत चालली होती. खाली बंधारे झाले, धरणं होऊ लागली. आई पुरात वाहून जाते, पिल्लांना वर चढता येत नाही. साहेबांच्या मनानं घेतलं की इथेच खारं पाणी करू, इथेच पिल्लं वाढवू आणि कन्हानमध्ये सोडू. वरून परवानगी आली ती "इतर कामे सांभाळून" अशी. म्हणजे जमलं तर वरच्यांचं, नाही जमलं तर आमचं.

पहिल्यांदा आम्ही रेल्वेनं मुंबईहून समुद्राचं पाणी मागवलं. ते आलं पत्र्याच्या डब्यांतून. उघडलं तर तांबडं, आणि वास असा की पार्सल ऑफिसच्या बाबूनं मला दारातच थांबवून विचारलं, "बाई, यात मेलं काय?" मग ठरलं, पाणी नागपूरचं आणि समुद्र आपला आपण करायचा. इतवारीतल्या दुकानातून खड्याचं मीठ पोत्यांनी आणायचो. दुकानदार म्हणाला, "ऑफिसात लोणचं घालून राहिले का?" मिठात मॅग्नेशियमचा क्षार, थोडा चुना, आणखी दोन-तीन पुड्या, असं मोजून मापून घालायचं. खारटपणा मोजायला काचेची नळी होती. साहेब नळी बघायचेच, पण मग बोट बुडवून जिभेला लावायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "अजून गाव लागलं नाही." मी आणखी मूठभर टाकायची. पुन्हा बोट, पुन्हा डोळे. "हां. आता खाडी आली." मलाही ती सवय लागली. घरी भाजीची चव घेताना मी डोळे मिटायची, तर आई ओरडायची की भाजीत झोपशील.

सक्करदऱ्याला समुद्र आहे ही बातमी बाजारात गेली, आणि काय सांगू तुम्हाला, माणसं यायला लागली. एकाला खरूज झालेली, त्याला दोन बादल्या हव्या होत्या. एक काकू सोमवती अमावस्येला स्नान करता येईल का विचारायला आल्या. मी म्हटलं, काकू, टाकीत अंडी-पिल्लं आहेत. त्या म्हणाल्या, मी काठावरच करीन. पण एक म्हातारबाबा मला विसरता येत नाहीत. जरीपटक्याचे सिंधी काका, फाळणीत कराचीहून आलेले. त्यांना पाणी नको होतं, फक्त वास घ्यायचा होता. टाकीच्या कठड्यावर हात ठेवून ते बराच वेळ वाकून उभे राहिले. मग एक थेंब जिभेवर घेतला आणि म्हणाले, "बेटी, हमारा वाला इससे खारा था." मी सांगायला गेले की हे खाडीचं पाणी आहे, मुद्दामच कमी खारट ठेवलंय. साहेबांनी मला खुणेनं गप्प केलं आणि काकांना बसायला खुर्ची दिली.

एवढं करून पिल्लं मात्र जगत नव्हती. झिंगीची अंडी फुटायची ती डोळे भरून पाहावी अशी. अंड्यांचा रंग राखाडी झाला, आत काळे डोळे टिपके दिल्यासारखे दिसू लागले, की समजायचं, वेळ आली. सकाळी शेडचा पडदा सरकवला की उजेडाच्या पट्ट्यात पाणी हलतंय असं वाटायचं. पाणी नाही, ती पिल्लं असायची. काचेसारखी आरपार, डोकं खाली आणि शेपूट वर अशी उलटी लटकलेली. सगळी उजेडाकडे यायची. मी पडदा इकडे सरकवला की इकडे, तिकडे सरकवला की तिकडे. मग थोड्याच दिवसांत ती पांढरी पडून तळाला बसायची. रबरी नळीनं ओढून काढावी लागत. दर वेळी आम्ही दोघं टाकीपाशी उभे राहायचो आणि साहेब एकच विचारायचे, "पाण्यात काय कमी पडलं?" चुना कमी? हवा कमी? ऊन जास्त? पुढच्या वेळी ते बदलून पाहायचं. रागावणं, कपाळावर हात मारणं हे त्यांच्यात नव्हतं. माझ्यात होतं, पण ते मी घरी जाऊन करायची.

पुढच्या वेळेसाठी अंड्यावरची झिंगी लागायची, जिवंत. आणि ती मिळणं हे सगळ्यात कठीण होऊन बसलं. कन्हानकाठच्या धिवरपुऱ्यात, म्हणजे मासेमारांच्या वस्तीत, रीत अशी की अंड्यावरची झिंगी जाळ्यात आली तर ती खायची नाही, विकायची नाही. बायकांनी तिच्यावर हळदीकुंकू टाकायचं, पाण्यात चार तांदळाचे दाणे सोडायचे आणि म्हणायचं, "जाय वं माहेरी." ती बाळंतपणाला निघालेली. समुद्र तिचं माहेर. जाणारीची वाट अडवायची नसते. मी पहिल्यांदा बादली घेऊन गेले तेव्हा एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "बाई, तुमची कोनी अशी वाट अडवली तं चालंल का?" माझं तर लग्नच झालं नव्हतं. आमच्या घरी धम्मदीक्षेनंतर ओटीबिटी सगळं बंद झालेलं. तरी त्या बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून एका झिंगीला निरोप देत होत्या, ते बघताना माझा पाय निघेना.

त्या दिवशी एक बाई काठावर लांब बसली होती. पाण्यात उतरली नाही, कुंकवाला हात लावला नाही. कोणी तिला बोलावलंही नाही. मी रिकामी बादली घेऊन एसटीच्या फाट्यावर येऊन उभी राहिले, तर मागून तीच आली. काखेत मडकं, त्यावर ओलं फडकं.

"बाई, तुमच्या तिथं पिल्लं जगतात?"

"नाही मावशी. अजून एकही जगलं नाही."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "खरं बोलून राहिल्या."

"खोटं बोलून काय करू?"

"मंग मी संग येतो," ती म्हणाली आणि फडकं बाजूला केलं. मडक्यात झिंगी होती, पोटाखाली अंड्यांचा हिरवट घोस.

तिचं नाव कौसाबाई. गाडीत मडकं मांडीवर घेऊन बसली. कामठी आली तसं खिडकीबाहेर बघत सगळं सांगून टाकलं. ती गावची सुईण. गावातली अर्धी पोरं तिच्या हातात जन्मलेली. तिची एकुलती लेक शेवंता, भंडाऱ्याकडे वैनगंगेच्या काठी दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. "लेकरू माह्याच हातात आलं. रडलं नाही. मी उलटं धरलं, थोपटलं, तोंडात फुंकलं. नाही रडलं." लेकीच्या सासूनं चारचौघांत म्हटलं, या बाईच्या हाताला यश नाही. ते बोलणं नदीसारखं गावात आलं. हळूहळू बाळंतपणाला कोणी बोलावेनासं झालं. आता शेवंताला पुन्हा दिवस गेले होते, पाचवा सरला होता, आणि सासू तिला माहेरी धाडायला तयार नव्हती.

"इहीनबाई म्हनते, एक घालवलं, दुसरं नाही देत."

"मग आता?"

"आता हे." तिनं मडक्यावर हात ठेवला. "हिचं बाळतपन मी करतो. पिल्लं जगली तं पोरीले आनाले जाईन. नाही जगली तं इहीनबाई खरी. मंग मी जन्मात कोनाले हात लावत नाही."

मी तिला समजावलं. माणसाचं वेगळं, झिंगीचं वेगळं, आमचं पाणीच अजून जमत नाही, हा काही कौल लावायचा प्रकार नाही. ती ऐकून घेत होती. मी थांबले तशी म्हणाली, "झिंगी तुमाले पायजे का नाही?" पाहिजे होती. फार पाहिजे होती.

साहेबांना मी सारं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "गजभिये, तुम्ही तिला सांगितलंत ना, आपलं एकही पिल्लू जगलेलं नाही?"

"सांगितलं."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, माहंबी तसंच हाये."

साहेबांनी तिला मागची रिकामी क्वार्टर उघडून दिली.

कौसाबाईनं झिंगी टाकीत सोडताना कुंकू लावलं नाही. नुसतं म्हणाली, "आलं वं तुहं माहेर." अंडी राखाडी झाली, फुटली. पडदा सरकवला आणि उजेडात सगळं पाणी जिवंत झालं तेव्हा ती कठड्यावर आणखी वाकली. "एवढाले? आनि उलटे काहून?"

"असेच असतात. मोठे झाले की सुलटे होतात आणि तळाशी चालायला लागतात. सुलटे झाले की जिंकलो."

आई मोकळी झाली तशी तिला कौसाबाईच मडक्यातून कन्हानला सोडून आली. पिल्लांसाठी परतली. तिचा दिवस टाकीपाशी जायचा. उकडलेलं अंडं मलमलच्या फडक्यातून गाळून त्याचा बारीक भुगा मी करायची आणि ती पाण्यावर सोडायची, पण चमच्यानं. हात पाण्याला लागू द्यायची नाही. काम नसलं की हात पदराखाली. मी एकदा म्हटलं, "मावशी, हात धुतलेले आहेत ना, चालतं." ती म्हणाली, "असू द्या."

ते दिवस आठवले की मला अजून गुंगीसारखं होतं. पाऊस उघडझाप करायचा, शेडवरचा पत्रा वाजायचा आणि थांबायचा. आम्ही दोघी कठड्यावर हनुवटी टेकून पाण्यात बघत राहायचो. ती मला विचारायची की समुद्रात म्हणजे कुठे, किती लांब. मी नद्यांची नावं घेऊन तिला नेऊ लागायची आणि प्राणहितेपाशी माझं नेहमीसारखं अडायचं. पुढचं ती सांगायची. तिनंही पाहिलेलं नव्हतं, पण तिला दिसायचं. तिच्या समुद्रात काठावर लुगडी वाळत घातलेली असत आणि कोणीतरी आवाज देऊन पोरींना जेवायला बोलावत असे. साहेब मागे उभे राहून ऐकायचे. एकदाही त्यांनी दुरुस्ती केली नाही.

पिल्लं कमी होत होती, पण या खेपेला संपत नव्हती. रोज तळाशी पांढरा गाळ दिसायचा, साहेब पाण्याचा नमुना काढायचे, विचारायचे, "आज काय कमी पडलं?" मी म्हणायची चुना, ते म्हणायचे नाही, दुसरं काहीतरी. आमचे वाद कौसाबाई ऐकत बसायची. पोळा आला, दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीचा आरडाओरडा दुरून ऐकू आला, तरी टाकीत पिल्लं होती. आधीच्या कोणत्याही खेपेला आम्ही इथवर पोचलो नव्हतो. डोळे दांडीवर आले होते, मिशा फुटल्या होत्या. साहेब बायकोला चिठ्ठी लिहायला लागले होते की कन्हानला पिल्लं सोडायला तूसुद्धा ये. मला रात्री झोप लागेना. पिल्लांचं काय, गेली तर मी पुन्हा पाणी करीन. पण या बाईनं आपली लेक त्या टाकीत ठेवली होती.

आणि मग पिल्लं मेली. एका सकाळी अर्धी, दुसऱ्या सकाळी उरलेली. काही जणांनी उलटायला सुरुवात केली होती. तशीच, आडवी, तळाला पडली होती. पडदा सरकवला तर उजेडात काहीच हललं नाही. साहेब काचेची नळी घेऊन आले, पाणी जिभेला लावलं आणि बोट तसंच धरून उभे राहिले. मला रडू कोसळलं. सरकारी नोकरीत सहा पुरुषांच्या ऑफिसात मी कधी रडले नव्हते, त्या दिवशी माझा काही इलाज चालला नाही.

कौसाबाई रडली नाही. कठड्याला टेकून बसून राहिली. दुपारी मी तिच्यासाठी चहा घेऊन गेले तेव्हा तिनं विचारलं, "काय कमी पडलं, बाई?"

"कळलं नाही मावशी. समुद्रात असं काहीतरी असतं जे आमच्या मिठात नाही."

"म्हंजे पान्यात."

"हो, पाण्यात."

"तुमच्या हाताचं नाही."

"हाताचं काय असतं त्यात?"

"साहेबाच्या हाताचंबी नाही."

"नाही."

ती चहा घेईना. पदराखालून हात काढून तिनं मांडीवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिली. "मी महिनाभर पाहून राहिली. तुमच्या इथं लेकरं मेली का तुमी पानी पाहता. तुमी एकमेकाले बोलला नाही, का तुह्या हातानं गेले. आमच्या इथं हात पाहतात. माह्या शेवंताचं लेकरू गेलं तेव्हा कोनी नाही म्हनलं, का पोरीत काय कमी होतं थे पाहा. मीबी नाही म्हनलं. मी आपले हात पाहत बसली."

मी तिच्या शेजारी बसले. थोड्या वेळानं तिनं तो गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला आणि उठली.

"भंडाऱ्याची गाडी कुठून भेटते?"

"पण मावशी, पिल्लं तर जगली नाहीत."

"थे पाहिलं म्या," ती म्हणाली. "गाडी सांगा."

सासरच्या दारात काय झालं ते मला नंतर शेवंतानं सांगितलं. कौसाबाई उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. म्हणाली, "मी बाळतपन कराले नाही आली. पोरीले नागपूरच्या डाक्टरनीले दाखवतो. तिच्यात काय कमी हाये थे पाहू द्या. तुमी संग चला इहीनबाई, डोळ्यांनी पाहा. मी हात लावत नाही. शब्द देतो." सासू भांडखोर होती, पण शेवंता दिवसेंदिवस पांढरी पडत चालली होती आणि ते तिलाही दिसत होतं. दुसऱ्या दिवशी तिघी केंद्राच्या फाटकात उभ्या. मी त्यांना घेऊन मोठ्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी शेवंताच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, रक्त तपासलं आणि विचारलं, "हिला चक्कर येते हे कोणी सांगितलं का नाही? अंगात रक्तच नाही." मग पहिल्या खेपेची सगळी चौकशी केली. "तेव्हाही हेच असणार. लेकरू आतच अशक्त झालं असेल. सुईणीनं काय, कोणीही असतं तरी कठीण होतं." सासू खाली मान घालून बोटाला पदर गुंडाळत बसली होती. कौसाबाई भिंतीकडे पाहत होती.

गोळ्या आल्या, इंजेक्शनं आली. दर थोड्या दिवसांनी दाखवायला यायचं, म्हणून साहेबांनी ती मागची क्वार्टर पुन्हा उघडून दिली, आणि दोन्ही विहिणी आमच्या केंद्रात राहायला आल्या. पहिले काही दिवस त्या एकमेकींशी माझ्यामार्फत बोलायच्या. "बाई, तिले सांगा, भाजीत मेथी टाक." "बाई, तिले म्हना, मले दिसते मेथी." पुढे माझी गरज उरली नाही, भांडणं सरळ होऊ लागली.

झिंगीचं काय झालं, तेही सांगून टाकते. आमच्याकडे ती शेवटपर्यंत साधली नाही. नंतर दोन पावसाळे आम्ही पाणी बदलून पाहिलं. मग साहेबांची बदली झाली, टाक्यांत रोहूचं बीज आलं. आता समुद्राकाठी मोठमोठी केंद्रं आहेत, झिंग्याची पिल्लं पिशव्यांतून विकत मिळतात, काय कमी पडत होतं ते त्यांना सापडलं असणार. मी निवृत्त झाल्यावर भाचीबरोबर समुद्र पाहून आले. चव घेतली. आमचा त्याच्या जवळ होता, पण तो नव्हता. या गोष्टीची मला हळहळ वाटते, आणि ती मी लपवत नाही.

शेवंताच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा थंडी सुरू झाली होती. मी डबा घेऊन दवाखान्यात पोचले तर दोन्ही म्हाताऱ्या बाकावर, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. आतून आवाज येत होते. कौसाबाई प्रत्येक आवाजाला पुटपुटायची, "आता थांब. आता जोर दे," आणि हात पदराखाली घट्ट धरलेले. सासूनं तिच्याकडे पाहिलं. मग आतून रडणं आलं. चांगलं कडक, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं. कौसाबाईनं डोळे मिटले आणि भिंतीला डोकं टेकलं.

नर्सनं फडक्यात गुंडाळलेली मुलगी आणून सासूच्या हातात दिली. सासूनं तिला पाहिलं, कपाळावरून बोट फिरवलं. तेवढ्यात तिचं लक्ष गेलं. कौसाबाई उठून उभी होती, पण जागची हलली नव्हती. दिलेला शब्द पाळत होती, हात पदराखालीच होते. सासू तिच्यापाशी गेली.

"घ्या ना, इहीनबाई. काहून उभ्या राहिल्या?"

कौसाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"घ्या म्हनते ना मी. मले धरता येत नाही एवढं लहान. तुमच्याच हाताचं काम हाये थे."

कौसाबाईनं हात बाहेर काढले. एक तळवा लेकराच्या मानेखाली, दुसरा बुडाखाली, इतकं सहज की तिचे हात मधली दोन वर्षं थांबलेच नव्हते असं वाटलं. तिनं पोरीला उजेडाकडे नेलं, नाक पाहिलं, तोंड पाहिलं, फडकं सोडून बेंबी पाहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही, कारण हात मोकळे नव्हते. मग ती नर्सकडे वळली.

"नाळ बरोबर बांधली वं, बाई," ती म्हणाली.